सावली मोजणारे यादगिरी अण्णा

मंगळवेढ्याची बारा पोती काळी माती टेम्पोत घालून सोलापूरला आणायची आणि ती घराच्या स्लॅबवर चढवायची, ही कल्पना संपूर्णपणे माझी होती. तिच्यात दुसऱ्या कुणाचाही हात नव्हता, हे आमच्या हिने, म्हणजे वंदनाने, आजवर इतक्या पाहुण्यांना सांगितलंय की मी ते इथं पुन्हा लिहिलं नसतं तरी चाललं असतं.

माझं म्हणणं सरळ होतं. आमच्या मंगळवेढ्याच्या रानात वर पाऊस नाही, खाली विहिरीला पाणी नाही, तरी नुसत्या जमिनीतल्या ओलीवर ज्वारी पुरुषभर वाढते. जी माती पाण्यावाचून एवढं करते, ती रोज पाणी घातल्यावर काय करील?

काय करते ते मला कळलं. ती फुगते. उन्हाळ्यात आधी आकसली. कुंडीच्या कडेनं बोटभर भेगा पडल्या. एका भेगेत माझं ऑफिसचं पेन गेलं, ते अजून वर आलेलं नाही. मग पावसाळ्यात पाणी पिऊन ती अशी तट्ट फुगली की सिमेंटच्या पाच कुंड्या डाळिंबासारख्या उकलल्या. चिखल वाहत जाऊन पन्हळाच्या तोंडाशी बसला, पाणी तुंबलं, स्लॅब पाझरला आणि एका सकाळी वंदना भाकरी थापत असताना बरोबर परातीत एक काळा थेंब पडला. तिने वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाली, "आली हो तुमची मंगळवेढ्याची माती. ज्वारीतनं यायची, ती थेट भाकरीत आली."

मी धावत वर गेलो. पन्हळात हात घालून चिखल उपसत होतो, तेवढ्यात कठड्याच्या पलीकडून आवाज आला.

"सायेब, किती पोती?"

"बारा," मी म्हणालो.

"तुळई कुटनं गेलीय, बघितलाव का आदी?"

ज्या घराचे हप्ते मी पंधरा वर्षं फेडले, त्या घराची तुळई कुठून जाते हे मला माहीत नव्हतं. अण्णांना माहीत होतं. त्यांनी पलीकडूनच बोट दाखवलं. "हितनं एक, तितनं एक. तुमी सगळं वजन मदी टाकलालाव. आदी खानं मोजायचे की."

हे यादगिरी अण्णा. आमचे शेजारी, आणि माझ्या आयुष्यातली एकमेव मनापासून केलेली असूया.

अण्णांचं घर आमच्या घराला लागून. दोन्ही गच्च्यांमध्ये कमरेएवढा कठडा, त्यामुळे इकडचं तिकडं दिसायचं आणि तिकडचं इकडं खुपायचं. घर तेलुगू. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी हैदराबादला दिलेली. अण्णांनी चाळीस वर्षं चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढले. चादरीवर मोर असतो, हत्ती असतो, कमळ असतं. ते आधी चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं काढावं लागतं. कुठला धागा वर, कुठला खाली, ते त्या चौकटींवरून ठरतं. "एक खाना चुकला की मोराची मान मोडती," अण्णा सांगायचे, आणि सांगताना स्वतःची मान अशी करायचे की मोराची कीव यावी.

नोकरी संपली, पण खाने सुटले नाहीत. कानावर पेन्सिल, सदऱ्याच्या खिशात खोडरबर, आणि तो पडू नये म्हणून दोऱ्यानं बटणाला बांधलेला. जगातलं सगळं ते खान्यांत मोजायचे. चहात दूध "अर्धा खाना कमी" असायचं. दिवाळीनंतर मला बघून म्हणायचे, "सायेब, दोन खानं वाढलाव." बोलताना ते माणसाच्या तोंडाकडे कधी बघत नसत; त्याच्या सावलीकडे बघत. घड्याळ त्यांच्याकडे नव्हतंच. मी ऑफिसला निघालो की माझ्या पायाशी बघून सांगायचे, "आज पाच मिंटं उशीर हाय." आणि तो असायचाच.

त्यांनी बाग करायची ठरवली, तेव्हा पहिलं अख्खं वर्ष एक रोप लावलं नाही. शिंप्याच्या खडूनं स्लॅबवर सावल्या आखल्या. सकाळी आठची पाण्याच्या टाकीची सावली, दहाची, बाराची, दोनची. उन्हाळ्यातली वेगळी, हिवाळ्यातली वेगळी. खडू पुसला की परत आखायचे. मी कठड्याला टेकून हसायचो.

"अण्णा, दिवाळीला अवकाश आहे. रांगोळी आत्ताच?"

"घाई कशाला? कागदावर बसलं न्हाय ते स्लॅबवर कसं बसंल?"

"अहो, झाडं आहेत ती. चादर नाही."

"व्हय की. चादर निदान उनात टाकली तर मरत न्हाय."

दुसऱ्या वर्षी त्यांनी लावायला घेतलं आणि माझं हसणं हळूहळू बंद झालं. जड पिंपं तुळईवर आणि भिंतींवर, हलके डबे मधे. मातीत निम्मी माती नव्हतीच. कुजलेलं शेण, भाताचं तूस, कारखान्यातला सुताचा कचरा. वरून शेंगांच्या टरफलांचा जाडसर थर, म्हणजे ऊन थेट मातीला लागत नाही. टरफलं गल्लीच्या टोकाला शेंगाचटणी कुटणाऱ्या शांताबाईंकडून यायची. आपल्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्याची तक्रार सगळा गाव करतो. अण्णांनी कधी केली नाही. तांदूळ धुतलेलं पाणी, डाळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, सगळं वर. वांगी लागली. दोडका चढला. घेवडा चढला. कढीपत्ता तर असा माजला की आमच्या बाजूला झुकून आमच्याच फोडणीत पडायला लागला.

आणि वंदनाचं सुरू झालं. "अण्णा म्हणत होते." मिरचीला काय घालायचं, अण्णा म्हणत होते. गुडघ्याला काय लावायचं, अण्णा म्हणत होते. ते तिला अम्मा म्हणायचे, त्यांच्यात लेकीला म्हणतात तसं. ती ऑफिसातली माझी कहाणी अर्धी ऐकून वर जायची आणि घेवड्याची कहाणी पूर्ण ऐकून खाली यायची.

एक दिवस मी लवकर घरी आलो, तर वंदना बादली घेऊन जिन्यावर.

"कुठं?"

"डाळ-तांदळाचं पाणी आहे. अण्णांना देते."

"आपलं पाणी? त्यांना?"

"मग काय तुमच्या मातीला घालू? ती पिऊन पुन्हा भाकरीत येईल."

माझ्याच घरचं पाणी दोन वर्षं शत्रूच्या रानात जात होतं आणि मला पत्ता नव्हता. मी पाटबंधारे खात्यातला माणूस. हे मला लागलं.

पण खरा काटा वेगळाच होता, आणि तो आता सांगूनच टाकतो.

वंदना माळशिरसची. तिकडे कालव्याचं पाणी, ऊस, सगळं हिरवंगार. तिच्या माहेरी विहिरीच्या थारोळ्याशी अनंताचं झाड होतं. पांढरं, जाडसर पाकळ्यांचं फूल, दिवसभर वास. लग्न होऊन ती आली ती मंगळवेढ्याला, आणि तिथून सोलापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत. हे घर बांधलं तेव्हा स्लॅब पडला त्या दिवशी मी तिला वर नेऊन, अगदी हातबीत पसरून सांगितलं होतं, "इथं तुला बाग करून देतो. आणि पहिला अनंत लावतो." ती नुसती हसली होती. ते हसू मी पंधरा वर्षं सांभाळून ठेवलं होतं, अनंत मात्र तीन मारले. पहिला सगळ्यांना दिसावा म्हणून पुढच्या कठड्यावर ठेवला, तो वैशाखात भाजला. दुसरा मंगळवेढ्याच्या मातीत गुदमरला. तिसऱ्याची मी रोज इतकी काळजी घेतली की तो बिचारा त्यातच गेला.

आणि अण्णांनी त्यांच्या टाकीच्या पूर्वेला, जिथे दुपारी एकनंतर सावली येते त्या नेमक्या खान्यात, अनंत लावला. आपलं पाणी जड, त्यात त्याची पानं पिवळी पडतात, म्हणून पंधरा दिवसांनी पातळ ताक घालायचे. दोन वर्षांत झाड काळंभोर हिरवं झालं आणि त्याला पहिली कळी आली. वंदना दिवसातून तीनदा वर जाऊन त्या कळीकडे बघायची. मी तिच्याकडे बघायचो, ती कळीकडे, आणि अण्णा सावलीकडे.

त्याच सुमारास अण्णांना नात्यातल्या लग्नाला चार दिवस जायचं झालं. त्यांनी वंदनाच्या हातात कागद दिला. प्रत्येक झाडाचा एक खाना, खान्यात आकडा; आकडा म्हणजे तितके मग पाणी. तीन दिवस तिने घातलं. चौथ्या दिवशी तिच्या भावाच्या घराची वास्तुशांत, म्हणून ती भल्या सकाळच्या एसटीने माळशिरसला गेली. जाताना कागद माझ्या हातात. "बघून घाला. मनानं घालू नका."

मी कठडा ओलांडला. ओलांडला म्हणजे पोटावर आडवा पडलो आणि पलीकडे घसरलो. उठून बघतो तर कळी उमलली होती.

काय सांगू. सोलापूरच्या त्या भाजक्या स्लॅबवर, निळ्या पिंपात, एक पांढरं फूल. आणि वास असा, की मला एकदम पंधरा वर्षांपूर्वीचं ते हसू आठवलं. मला वाटलं, संध्याकाळी ती येणार, वर जाणार, आणि तिच्या आयुष्यातला सोलापुरातला पहिला अनंत तिला अण्णांच्या गच्चीवर दिसणार. पुढचं "अण्णा म्हणत होते" मला जन्मभर पुरलं असतं.

मी फूल तोडलं.

तोडताना डोक्यात एवढंच होतं की हे तिला माझ्या हातानं द्यायचं. कठडा परत ओलांडला आणि आपल्या गच्चीवर उभा राहिल्यावर लक्षात आलं, की द्यायचं ते काय सांगून? आमच्याकडच्या अनंताची तर नुसती काडी उभी होती. काडीला फूल आलं म्हणू? बाजारातून आणलं म्हणावं, तर ती वर जाऊन कळी बघणारच. चाळीस फायली एका वेळी सांभाळणाऱ्या माणसाला एक फूल कुठं ठेवावं सुचेना. शेवटी ते रुमालात गुंडाळून कपाटात, माझ्या स्वेटरखाली ठेवलं. सोलापुरात स्वेटर कोण काढतो?

दुपारपर्यंत खोलीभर वास. चारपर्यंत सोप्यात. मी उदबत्ती लावली, तर दोन्ही वास एकत्र होऊन घर लग्नाच्या मांडवासारखं झालं. संध्याकाळी वंदना आली. आहेराची साडी ठेवायला तिने कपाट उघडलं. क्षणभर तशीच उभी राहिली. मी पेपर वाचत होतो. उलटा होता, नंतर बघितलं. तिने कपाट लावलं आणि म्हणाली, "चहा ठेवते."

सुटलो, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आले. कागद हातात घेऊन एकेक झाड तपासत गेले. वांगी बरोबर, घेवडा बरोबर. अनंतापाशी थांबले. वाकून देठ बघितला. देठ साफ तुटलेला होता, नखानं तोडतात तसा. वंदना बादली घेऊन कठड्याशी उभी होती, मी तिच्या मागं.

"एक कमी हाय," अण्णा म्हणाले.

मी हात पाठीमागं घेतले.

अण्णांनी एकदा माझ्या सावलीकडे बघितलं. ती हलत असावी. मग म्हणाले, "काल वारं लई सुटलतं वाटतं हितं."

"भयंकर," मी म्हणालो.

त्या आठवड्यात गल्लीत पान हललं नव्हतं. लोक बनियनवर ओट्यांवर बसून टॉवेलनं वारा घेत होते. वंदनाने आभाळाकडे बघितलं आणि बादली कठड्यावरून पलीकडे दिली. अण्णांनी कानावरची पेन्सिल काढली, कागदावर एक बारीक खूण केली आणि विषय संपला.

म्हणजे त्यांचा संपला. माझा नाही. कारण त्या दिवसापासून अण्णा वेळी-अवेळी कठड्याशी येऊन आमच्या गच्चीकडे बघत उभे राहायला लागले. हातात कागद, पेन्सिल. सकाळी, दुपारी, ऊन उतरताना. मला वाटलं, पाळत. एका फुलासाठी माणूस किती दिवस पाळत ठेवील! मी आडोसा म्हणून तारेवर दोन डबल चादरी वाळत घातल्या. अण्णा वाकून खालून बघायचे. मी चादरी सरकवायचो, ते सरकायचे. असं वर्षभर चाललं. तेवढ्या काळात आमचं बोलणं म्हणजे ते म्हणायचे, "सायेब, अर्धा खाना कमी झालाव, तब्येत बरी हाय ना?" आणि मी म्हणायचो, "हो."

मग त्यांचे गुडघे गेले. जिना चढवेना. मुलगी हैदराबादहून आली आणि बापाला घेऊनच जाते म्हणाली. अण्णांनी दोन दिवसांत सगळी बाग वाटली. कुणाला कढीपत्ता, कुणाला वांग्यांचे डबे. मग अनंताची पाळी आली. तो वंदनाकडेच येणार, आमच्या गच्चीवर जन्मभर अण्णांचा अनंत फुलणार, याची मला खात्री होती.

अनंत त्यांनी शेंगाचटणीच्या शांताबाईंना दिला. चार माणसं लागली उतरवायला.

आता मला राग आला. इतकी वर्षं पाणी कुणाचं? बादल्या कुणी वाहिल्या? वंदनाला मात्र काहीच वाटलेलं दिसलं नाही. ती त्यांच्या प्रवासासाठी धपाटे बांधत होती.

निघायच्या सकाळी अण्णा आमच्या दारात आले. मला कागदाची एक सुरळी दिली. "सायेब, हे तुमचं. सावकाश बघा."

रिक्षा उभी होती. मुलगी सामान लावत होती. अण्णांच्या हातात पिशवी नव्हती, रोप नव्हतं, नुसता कोऱ्या ग्राफ कागदांचा गठ्ठा. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "अण्णा, तिकडं गच्ची आहे का?"

"न्हाय. नववा मजला. बाल्कनी हाय, चोवीस खानं. पोरीला सांगितलंय, दर तासाला सावलीचा फोटो टाक म्हणून. वैतागलीया." ते पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडे बघून हसले. मग वंदनाच्या डोक्यावर हात ठेवला, "येतो अम्मा," रिक्षात बसले, आणि रिक्षाच्या रस्त्यावरच्या सावलीकडे बघून रिक्षावाल्याला म्हणाले, "पावणेधा झालं. चला."

मी घड्याळ बघितलं. पावणेदहा झाले होते.

सुरळी मी वर जाऊन उघडली, एकटाच. आमची गच्ची होती. आमची. आठची सावली, दहाची, बाराची, चारची. उन्हाळ्याची लाल, हिवाळ्याची निळ्या पेन्सिलीनं. दोन्ही तुळया ठिपक्यांनी दाखवलेल्या. एका पट्ट्यात बारीक अक्षरात लिहिलेलं, "हितं चादरी वाळत घालतेत, ही सावली धरू नये." वांगी कुठं, दोडका कुठं, सगळं मांडलेलं. आणि जिन्याच्या खोलीमागं, जिथं आम्ही मोडका कूलर टाकला होता, तिथला एकच खाना काळा भरलेला. त्याच्या शेजारी लिहिलं होतं, "अनंत. नवीन रोप. सायबांनी सोता आणायचं."

कोपऱ्यात, अण्णांच्या सवयीप्रमाणे, काम सुरू केल्याची तारीख. वारं सुटलं होतं, त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

 मी आधी तो कूलर खाली उतरवला. मंगळवेढ्याची माती एकेक पोतं करून गावी परत नेली. रानात टाकली तर तिथं ती पुन्हा शहाण्यासारखी वागायला लागली. शांताबाईंकडून टरफलं आणली. रोप स्वतः जाऊन आणलं. मग पंधरा दिवसांनी ताक. खान्याबाहेर एक बोट सरकलो नाही; चाळीस वर्षं मोर सरळ ठेवणाऱ्या माणसाचा कागद होता तो.

यंदा कळी आली. मी कुणाला बोललो नाही. गेल्या रविवारी सकाळी ती उमलली, तेव्हा मी वंदनाला हाक मारून वर बोलावलं. ती जिन्यानं हळूहळू आली, पदराला हात पुसत. फुलापाशी वाकली. वास घेतला. डोळे मिटून किती वेळ तशीच राहिली. मी बाजूला उभा, स्लॅब पडला त्या दिवशीसारखा, फक्त हात पसरले नव्हते. तिने फोन काढून फोटो घेतला, तो हैदराबादला पाठवला, आणि माझ्याकडे बघून हसली. तेच हसू. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल.

जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून ती थांबली आणि म्हणाली, "हे तरी आता स्वेटरखाली ठेवू नका."